वादळी रात्र आणि लहान तारूं

समुद्र अथांग, तारूं लहान, रात्र काळोखी आणि वारा पिसाळलेला, या चार गोष्टी एकदम वांट्याला आल्या म्हणजे माणसानें काय करावें, हा प्रश्न जगांतील दर्यावर्दी लोकांना फार प्राचीन काळापासून पडत आलेला आहे. त्याचें उत्तर कोणीं कसें शोधलें, आमच्या कोंकणच्या किनाऱ्यानें त्यांत काय भर घातली आणि आज त्या उत्तराचा आपणांस उपयोग काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. मालवण आणि देवगड यांच्या दरम्यान वसलेल्या आचरा गांवीं ज्याचें आयुष्य मुलांना इतिहास-भूगोल शिकविण्यांत गेलें, अशा एका निवृत्त शिक्षकाच्या तोंडून तो आपण ऐकत आहां, एवढें ध्यानांत असूं द्यावें.

शहरांतील सुशिक्षित घरांत समुद्रावरील वादळाचें एक ठराविक चित्र असतें. किनारा म्हणजे सुरक्षितता आणि खोल समुद्र म्हणजे मृत्यु, असें तें समीकरण. जमीन दिसेनाशी झाली कीं माणूस देवाच्या हवालीं झाला, अशी आपली समजूत असते. परंतु ज्यांचा जन्म तरांड्यावर गेला, त्यांचें मत याच्या अगदीं उलट आहे. वादळांत त्यांना भय वाटतें तें पाण्याचें नव्हे, जमिनीचें. हें विधान ऐकतांना विचित्र वाटतें. म्हणून आधीं त्याचें कारण पाहूं.

लाट म्हणजे पाण्याचा प्रवास नव्हे. भाद्रपदांत पोटरीला आलेल्या भाताच्या शेतावरून वारा गेला म्हणजे एक लहर या बांधापासून त्या बांधापर्यंत धांवत जाते; भात मात्र जागच्या जागीं राहतें. समुद्राचेंही तसेंच आहे. खोल पाण्यांत लाट तारवाला उचलते आणि पुन्हा खालीं ठेवते. दीडशें मीटर लांबीची लाट ताशी पंचावन्न किलोमीटरांच्या वेगानें जात असली, तरी तिच्या माथ्यावर फेस फुटत नाहीं तोंवर लहान तारूं तिच्यावरून पाणकोंबडीप्रमाणें वर-खालीं होत राहतें. परंतु पाण्याची खोली लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून कमी झाली कीं लाटेला तळ लागूं लागतो. मग तिचा वेग मंदावतो, लांबी आंखडते, उंची वाढते आणि अखेरीस ती कोसळते. दोन मीटर उंचीची लाट सुमारें अडीच मीटर पाण्यांत फुटते. आणि फुटली म्हणजे जी आतांपर्यंत नुसती लहर होती, तीच शेंकडों मणांचें धांवतें पाणी होते. तारूं मोडतें तें या पाण्यानें.

आतां आमच्या किनाऱ्याकडे पाहा. आचऱ्याची खाडी पिरावाडीजवळ समुद्राला मिळते. तिच्या मुखाशीं वाळू सांठते, आणि ती वाळू एका जागीं राहत नाहीं. दक्षिणेस तळाशील-तोंडवळीची वाळूची चिंचोळी पट्टी, त्यापुढें मालवणचे खडक आणि आणखी खालीं वेंगुर्ल्याचे बंदारे. असल्या किनाऱ्यावर पश्चिमेचा वारा सुटला म्हणजे तो तारवाला जमिनीकडेच ढकलतो. दिवसा निदान पांढरा फेस दिसतो. रात्रीं खाडीचें मुख कोणतें आणि खडक कोणता हें ओळखावयास कानाखेरीज साधन राहत नाहीं. म्हणून जुना तांडेल वादळाच्या रात्रीं घर जवळ आलेलें असतांही बंदरांत शिरत नसे. तो तोंड फिरवून बाहेर खोल पाण्यांत जाई आणि उजाडेपर्यंत तेथेंच झोंके खात राही. किनाऱ्यावर त्याची बायकामुलें वाट पाहत, त्यांना ही सुरक्षितता कशी दिसणार? त्यांना एवढेंच कळे, कीं सगळीं तारवें आलीं आणि आपलें आलें नाहीं.

वादळाशीं गांठ पडूं नये हा पहिला उपाय. आणि तो साधण्यासाठीं अरबी समुद्रावरील लोकांनीं सबंध वर्षाची विभागणी करून ठेवली. 'मोसम' हा शब्दच मुळीं अरबी आहे, आणि इंग्रजांचा 'मान्सून' त्यावरूनच निघाला. मृगाच्या सुमारास आमच्याकडे तारवें वर ओढून झांपांनीं शाकारतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून पुन्हा पाण्यांत लोटतात. हा धार्मिक विधि खराच. परंतु शेंकडों वर्षें जमविलेल्या हवामानशास्त्राचें तें पंचांगही आहे. पावसाळा सरल्यावर ईशान्येकडून येणारा कोरडा, संथ वारा पश्चिमेकडे जाण्याला सोईचा. तरीही रस्ता निर्धोक नव्हता. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी होर्मुझहून जहाजानें निघून आमच्या चौलास उतरला आणि कांहीं वर्षांनीं दाभोळहून परत निघाला. जावयाचें होतें होर्मुझला. परंतु महिनाभर त्याला कांहींच दिसलें नाहीं, आणि पुढल्या महिन्यांत जे डोंगर दिसले ते आफ्रिकेच्या, हबसाणाच्या किनाऱ्याचे. वाऱ्यानें एवढें भरकटविलें, तरी जहाज शाबूत राहिलें आणि माणूस पुढें आपल्या वाटेला लागला. कारण उघड आहे. त्याच्या आणि संकटाच्या मध्यें शेंकडों मैल मोकळें पाणी होतें.

मराठ्यांच्या आरमारानें हें शास्त्र राज्यकारभारांत आणलें. शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधावयास घेतला, आणि दुसऱ्याच वर्षीं फेब्रुवारी महिन्यांत ८५ गलबतें व ३ मोठीं जहाजें घेऊन ते स्वतः मालवणाहून बसरूरच्या स्वारीवर निघाले. महिना निवडला तो पाहण्यासारखा आहे. आकाश निरभ्र, समुद्र शांत, पावसाळा चार महिने दूर. तरीसुद्धां परततांना प्रतिकूल वाऱ्यामुळें त्यांचा खोळंबा झाल्याचें ग्रँट डफ यानें नमूद केलें आहे. एवढ्या मोठ्या सेनानीलाही वाऱ्याच्या दारांत थांबावें लागलें. पुढें अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांनीं जें आज्ञापत्र सिद्ध केलें, त्यांत आरमाराचें स्वतंत्र प्रकरण आहे. आरमार हें राज्याचें एक वेगळें अंगच होय, असें ते मानतात. समुद्र खवळण्यापूर्वीं तारवें छावणीस लावावीं, छावणीचें बंदर दरसाल बदलावें म्हणजे एकाच मुलुखाला उपसर्ग होणार नाहीं, तारवांसाठीं रयतेचीं आंबा-फणसाचीं झाडें तोडूं नयेत, इतक्या बारीक गोष्टींपर्यंत त्यांची नजर गेली आहे. आणि त्या सगळ्यांच्या मुळाशीं एक तत्त्व आहे. वारा अनुकूल असतां झुंजावें, नसतां आरमार राखावें. शौर्याचा अभिमान बाळगणाऱ्या राज्याच्या प्रधानानें हें लिहावें, याचें मोल मोठें आहे. वाऱ्याशीं हट्ट धरणें हें शौर्य नव्हे, ही समज त्यांत दिसते.

परंतु पंचांग कितीही चांगलें असलें, तरी कधीं तरी रात्र गांठतेच. अशा वेळीं आमच्या मचव्यांत किंवा फत्तेमारींत काय घडत असेल? फत्तेमारी हें पश्चिम किनाऱ्यावरील मालवाहू गलबत. दोन डोलकाठ्या, पुढें झुकलेली नाळ, आणि लांब परबाणाला बांधलेलें तिरकें, त्रिकोणी शीड. मुंबईपासून मलबारपर्यंत मीठ, भात, कौलें, नारळ यांची ने-आण या जातीच्या तारवांनीं केली. हें तिरकें शीड वाऱ्याच्या बाजूनें चढण्याला उत्तम. परंतु वादळांत त्याचा एक मोठा दोष आहे. युरोपीय जहाजांप्रमाणें तें जागच्या जागीं गुंडाळून लहान करणें अवघड. परबाणच खालीं घ्यावें लागतें, मोठें शीड सोडून लहान बांधावें लागतें आणि मग पुन्हा परबाण चढवावें लागतें. शिवाय तारवाची दिशा बदलावयाची म्हणजे त्याला वाऱ्याकडे पाठ करून वळवावें लागतें, आणि त्याच वेळीं तें लांबच लांब परबाण डोलकाठीच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला न्यावें लागतें. काळोखांत, ओल्या दोरांनीं, हेलकावणाऱ्या फळ्यांवर पांच-सहा माणसांनीं हें काम करावयाचें. म्हणूनच शहाणा तांडेल दिवस मावळण्यापूर्वींच आकाशाकडे पाहून शीड बदली. पश्चिमेला ढगांची काळी भिंत चढूं लागली, वारा एकाएकीं पडला, पाणी तेलासारखें जड दिसूं लागलें, कीं तो अन्न शिजवून घेण्यास आणि माल आवळून बांधण्यास सांगे. रात्रीं दिवा फार उपयोगाचा नसतो. त्यानें डोळे उलट आंधळे होतात. वारा कोणत्या गालाला लागतो, लाटेची उचल पायाला कोणीकडून जाणवते आणि फेस फुटल्याचा आवाज किती दूर आहे, या तीन गोष्टींवर सुकाणूं चालतें. ढग फाटले तर ध्रुव, सप्तर्षि आणि दक्षिणेला अगस्त्य. जमीन जवळ आल्याची शंका आली तर शिशाचा गोळा दोरीला बांधून सोडीत. त्याच्या तळाला लावलेल्या चरबीला वाळू चिकटली कीं चिखल, यावरून जागा ओळखीत. एवढें सगळें ज्ञान गाबीत आणि भंडारी घरांत बापाकडून मुलाला हातांतून हातांत मिळे. तें कागदावर कोणीं उतरविलें नाहीं.

पुढें आगबोटी आल्या. पावसाळा सोडून बाकीचे महिने त्या मुंबई आणि कोंकणचीं बंदरें यांमध्यें धांवूं लागल्या. त्यानंतर मोटाररस्ता आला, होड्यांना यंत्रें बसलीं, आणि १९९८ सालीं कोंकण रेल्वे पुरी झाली. शिडाचा धंदा गेला आणि धंद्याबरोबर विद्याही गेली. नव्या पिढीच्या तांडेलाला यंत्राचा आवाज ऐकून त्याचें दुखणें सांगतां येतें. परंतु शीड कसें राखावें हें सांगणारीं माणसें आतां हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच. यांत कोणाचा दोष नाहीं. पोट भरणारी विद्या माणूस ठेवतो, न भरणारी टाकतो.

आणि तरीही, श्रोतेहो, ही विद्या सर्वस्वीं बुडाली नाहीं. ती एका वेगळ्याच वाटेनें परत आली, आणि त्या वाटेचा आरंभ मुंबईस आहे. इसवी सन १९६३-६४ च्या सुमारास रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नांवाचे एक तरुण इंग्रज नौकाधिकारी मुंबईंत होते. त्यांनीं कुलाब्याच्या कारखान्यांत ३२ फूट लांबीची एक सागवानी नौका बांधवून घेतली. बांधणारे सुतार येथलेच. त्यांचीं हत्यारें म्हणजे वांसला, कुऱ्हाड आणि दोरीनें फिरवावयाचा सामता. नौकेचें नांव ठेवलें 'सुहैली'. आखाती समुद्रांतील अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला सुहैली म्हणतात. आणि अरबीतला 'सुहैल' तारा म्हणजे आपला अगस्त्य. अगस्त्यानें समुद्र प्राशन केल्याची कथा आपण लहानपणीं ऐकतों. आपल्याकडे अगस्त्याचा उदय झाला कीं पावसाळा सरत आला असें मानतात आणि पाणी निवळूं लागतें असें म्हणतात. त्या ताऱ्याचें नांव अशा रीतीनें मुंबईच्या सुतारांनीं घडविलेल्या नौकेला अप्रत्यक्षपणें मिळालें.

१४ जून १९६८ रोजीं सुहैली इंग्लंडच्या फॅल्मथ बंदरांतून निघाली. एकट्यानें, कोठेंही न थांबतां, पृथ्वीप्रदक्षिणा करावयाची अशी ती शर्यत होती. त्यापूर्वीं १८९५ ते १८९८ या काळांत जोशुआ स्लोकम यानें 'स्प्रे' या लहान नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. परंतु तो वाटेंत थांबत थांबत गेला होता. १९६८ च्या शर्यतींत नऊ जण निघाले आणि पुरी केली ती एकट्या नॉक्स-जॉन्स्टन यांनींच. सप्टेंबरच्या आरंभीं दक्षिण महासागरांत, रात्रीं ते झोंपले असतांना एका प्रचंड लाटेनें सुहैलीला उलथून टाकलें. नौका आपोआप सरळ झाली; परंतु खोलीच्या भिंती हादरून सांध्यांतून पाणी झिरपूं लागलें, टांक्यांतील गोडें पाणी नासलें आणि वाऱ्यावर चालणारें सुकाणूंचें यंत्र दुखावलें. पुढें त्यांनीं पावसाचें पाणी धरून तहान भागविली. वादळांत त्यांनीं जो उपाय योजिला तो ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. जवळजवळ सर्व शिडें उतरवावयाचीं आणि नौकेच्या पाठीमागून शेंकडों फूट लांबीचा जाड दोर पाण्यांत सोडून द्यावयाचा. दोराच्या ओढीनें नौकेचा वेग मंदावतो, पाठ लाटेकडे राहते आणि ती आडवी होत नाहीं. म्हणजे येथेंही वाऱ्याशीं झुंज नाहीं. त्याला वाट देणें आहे. रेडिओ बिघडल्यामुळें कित्येक महिने त्यांची कसलीच खबर नव्हती. २२ एप्रिल १९६९ रोजीं, दहा महिन्यांहून अधिक काळानें, तीच सागवानी नौका फॅल्मथला परत आली.

आतां आपल्या लोकांकडे येऊं. १९७१ च्या युद्धांत वीर चक्र मिळविलेले व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्त झाल्यावर फलटण तालुक्यांतील विंचुर्णी गांवीं, समुद्रापासून दूर, राहत असत. एका भारतीयानें भारतांत बांधलेल्या नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास त्यांनीं घेतला. नौदलांतून त्यासाठीं पुढें आले कमांडर दिलीप दोंदे. त्यांचें नौदलांतलें काम पाणबुड्याचें. शिडाच्या नौकेंतून महासागर ओलांडण्याचें शिक्षण त्यांना नव्यानें घ्यावें लागलें, आणि त्यांत सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांचा सल्ला मिळाला. नौका बांधली गोव्यांत, मांडवीच्या पात्रांतील दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत. आराखडा डच, बांधणी लांकडाच्या पट्ट्यांवर कांचतंतूंचा लेप देऊन, लांबी ५६ फूट. नांव 'म्हादेई', मांडवी नदीचें तें मूळचें नांव. फेब्रुवारी २००९ मध्यें ती नौदलांत दाखल झाली आणि १९ ऑगस्ट २००९ रोजीं, नारळी पौर्णिमा होऊन पंधरवडाच लोटला असतां, दोंदे मुंबईहून एकटे निघाले. ऑस्ट्रेलियांतील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटलटन, फॉकलंड बेटांतील पोर्ट स्टॅन्ली आणि आफ्रिकेंतील केप टाउन, असे चार मुक्काम. जानेवारी २०१० मध्यें त्यांनीं दक्षिण अमेरिकेच्या टोंकाचें हॉर्न भूशिर ओलांडलें आणि १९ मे २०१० रोजीं, बरोबर नऊ महिन्यांनीं, ते मुंबईस परतले. एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. चाळीस अंश दक्षिण अक्षांशाच्या खालीं वाऱ्याला अडविणारी जमीन जवळजवळ नाहीं; तेथें लाटा पृथ्वीभोंवतीं धांवत असतात. त्या पाण्यांत एकटा माणूस सलग झोंप कधीं घेणार? वाऱ्यावर चालणाऱ्या सुकाणूंच्या यंत्रावर भरंवसा टाकून थोडी थोडी डुलकी घ्यावयाची, आणि आवाजांत जरा फरक पडला कीं उठावयाचें. जुन्या तांडेलाचे कान येथें पुन्हा कामाला आले.

पुढें २०१२-१३ मध्यें कमांडर अभिलाष टॉमी यांनीं याच म्हादेईंतून कोठेंही न थांबतां प्रदक्षिणा केली. १० सप्टेंबर २०१७ रोजीं 'तारिणी' नांवाची दुसरी नौका घेऊन वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालीं सहा महिला अधिकारी गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजीं परतल्या. पॅसिफिक महासागर ओलांडतांना त्यांना ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाच्या वाऱ्याला तोंड द्यावें लागलें. परंतु समुद्र कोणाला सर्वदा यश देत नाहीं. टॉमी यांनीं २०१८ सालीं पुन्हा एका शर्यतींत भाग घेतला, तो 'थुरिया' नांवाच्या नौकेंतून. ही नौका गोव्यांत, दांडेकरांच्याच कारखान्यांत, सुहैलीच्या नमुन्याबरहुकूम बांधलेली. २१ सप्टेंबर २०१८ रोजीं दक्षिण हिंदी महासागरांत वादळानें तिला उलथविलें. डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. तीन दिवसांनीं 'ओसिरिस' या फ्रेंच नौकेनें त्यांना उचललें. नौका मात्र बुडाली नव्हती. तिच्याच आश्रयानें ते तीन दिवस तगले. चार वर्षांनीं ते त्याच शर्यतीला पुन्हा उतरले आणि एप्रिल २०२३ मध्यें दुसरे आले.

येथें एक गैरसमज होण्याचा संभव आहे, तो दूर करतों. खोल समुद्रच सुरक्षित, तर मग आमच्या मच्छीमारांनीं वादळ आलें कीं बाहेरच कां जाऊं नये? उत्तर असें, कीं म्हादेई आणि आमची मासेमारीची होडी यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. म्हादेईचा वरचा भाग चोहोंकडून बंद. पाणी वरून गेलें तरी आंत शिरत नाहीं. तिच्या तळाशीं जड भार घट्ट बसविलेला, त्यामुळें आडवी पडली तरी ती उठून बसते. आमच्या होडीचा मोठा भाग उघडा. ती मोकळी, रुंद, जाळें ओढण्यासाठीं बांधलेली. एकदां पाण्यानें भरली कीं संपलें. इंधन मोजकें, आणि यंत्र बंद पडलें तर शीड नाहीं. जुन्या फत्तेमारीला बाहेर जाण्याचा मार्ग तरी होता. यांत्रिक होडीला तो उरलेला नाहीं. म्हणून तिला तिसराच उपाय हवा. आणि तो म्हणजे वेळेवर मिळालेली खबर.

या उपायाची किंमत दोन वादळांनीं आपणांस शिकविली. दोंदे ज्या हंगामांत दक्षिणेच्या समुद्रांत एकटे होते, त्याच हंगामांत, ११ नोव्हेंबर २००९ रोजीं, 'फयान' हें चक्रीवादळ कोंकणचा किनारा घासून उत्तरेस गेलें. नोव्हेंबर म्हणजे मासेमारीचा भर. वादळ जोर धरून किनाऱ्याला भिडलें तें दोन-तीन दिवसांत, आणि बाहेर गेलेल्या होड्यांना परतण्याइतका वेळ मिळाला नाहीं. कोंकणांतील कित्येक मच्छीमार पुन्हा घरीं आले नाहींत. महासागरांत एकटा असलेला माणूस वांचला आणि घरापासून कांहीं मैलांवरचे गेले, हें त्या वर्षाचें कटु सत्य आहे. पुढें मे २०२१ मध्यें 'तौक्ते' वादळ आलें. या वेळीं सूचना कित्येक दिवस आधीं मिळाल्या आणि होड्या मागें बोलाविल्या गेल्या. तरीसुद्धां देवगडच्या आनंदवाडी बंदरांत आश्रयाला नांगरलेल्या होड्यांना त्या वाऱ्यानें सोडलें नाहीं. याचा अर्थ असा, कीं खबर मिळाली तरी काम अर्धेंच होतें. निवाऱ्याचें बंदर खरोखर निवाऱ्याचें असावें लागतें. रामचंद्रपंत अमात्यांनीं तारवांच्या छावणीच्या बंदराची चिंता तीनशें वर्षांपूर्वीं वाहिली, ती उगीच नव्हे.

बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला म्हणजे मुंबईंतल्या गृहस्थाला ती वर्तमानपत्रांतील एक ओळ वाटते. आचरा, तळाशील, सर्जेकोट, देवगड येथील घरांत त्या बावट्याबरोबर माणसें मोजण्यास सुरुवात होते: कोण आलें, कोण यावयाचें आहे. आपल्या ताटांतील सुरमई आणि पापलेट कोणत्या रात्रींच्या काळोखांतून आले, याची जाणीव एवढ्या भाषणानें झाली तरी माझें काम झालें.

आणखी एक गोष्ट. नॉक्स-जॉन्स्टन यांनीं आपला प्रवास लिहून ठेवला, दोंदे यांनींही लिहिला. म्हणून आज आपणांस त्यांच्या वादळी रात्री ठाऊक आहेत. आमच्या किनाऱ्यावरच्या शेंकडों तांडेलांनीं तशाच रात्री काढल्या आणि त्या आपल्याबरोबर नेल्या. जे थोडे वृद्ध उरले आहेत, त्यांना वारा कसा ओळखावा, परबाण कसें फिरवावें, रात्रीं खाडीचें तोंड कशावरून समजावें, हें कोणी तरी बसून विचारलें पाहिजे आणि त्यांच्याच शब्दांत उतरून घेतलें पाहिजे. हें काम विद्यापीठानें करावें असें म्हणून आपण मोकळे होऊं नये. ज्याच्या घरीं असा आजा किंवा मामा आहे, त्या शाळकरी मुलानें एक वही घेऊन त्याच्याशेजारीं बसावें. आमचा दर्याचा इतिहास अजून पुष्कळसा माणसांच्या तोंडींच आहे, आणि तीं माणसें फार दिवस थांबणारीं नाहींत.